गरम झाल्यावर मिसिंग करणारी जुनी गाडी: दोष शोधायचा कसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९६० च्या दशकातली चार सिलिंडरची गाडी, एक कार्ब्युरेटर, पॉइंट-कंडेन्सरचं इग्निशन, म्हणजे ठिणगी देणारी जुन्या पद्धतीची यंत्रणा. थंड असताना लगेच चालू होते, पंधरा-वीस मिनिटं छान पळते आणि मग चढावर किंवा ओव्हरटेक करताना अॅक्सिलरेटर दाबला की झटके मारायला, म्हणजे मिसिंग करायला लागते. उभ्या गाडीत स्लो, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिनचं चालणं, जवळजवळ ठीक. प्लग, प्लगच्या वायरी, कॅप, रोटर आणि कंडेन्सर नवे टाकून झाले. कार्ब्युरेटर दोनदा उघडून साफ केला. आता मेकॅनिकचं म्हणणं, कार्ब्युरेटरच बदला. बदलावा का?

अजून नको. एवढं सगळं बदलूनही मिसिंग तसंच आहे, कारण ते कुठल्या सिलिंडरचं आणि कुठल्या बाजूचं, करंटची की पेट्रोलची, हे अजून कुणी तपासलेलंच नाही. मी बरीच वर्षं जुन्या गाड्यांची इंजिनं जुळवतो आहे. मिसिंगच्या तक्रारीवर एकेक भाग बदलत जाण्यात पैसा सर्वात जास्त जातो आणि वेळही. त्यातून नवा भागच खराब निघाला तर एका दोषाचे दोन होतात आणि लक्षणांचा अर्थच लागेनासा होतो. म्हणून पहिली विनंती: काढलेले जुने भाग फेकले नसतील तर जपून ठेवा. पुढे उपयोगी पडतील.

सुरुवात कानाने करा. ८०० आरपीएमच्या स्लोवर प्रत्येक सिलिंडर सेकंदाला साधारण सात वेळा पेटतो. त्यातला एक सतत गळत असेल, म्हणजे पेटायचं चुकत असेल, तर सायलेन्सरच्या तोंडाशी ठरावीक तालात ठेका चुकलेला ऐकू येतो. असा नेमका ठेका चुकत असेल तर दोष त्या एका सिलिंडरच्या मालकीच्या वस्तूंमध्ये असतो: त्याचा प्लग, त्याची वायर, कॅपमधलं त्याचं टोक, त्याचे व्हॉल्व्ह, त्याच्या रिंगा. ठेका बेताल असेल, कधी हा तर कधी तो सिलिंडर गळत असेल, तर सगळ्यांच्या सामाईक गोष्टींकडे बघायचं: कॉइल (व्होल्टेज वाढवून ठिणगी देणारी), कंडेन्सर, पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच), रोटर (ठिणगी एकेका प्लगकडे वाटणारा), त्यांना जोडणाऱ्या बारीक वायरी, आणि पेट्रोलचा पुरवठा. एकच कार्ब्युरेटर चारही सिलिंडरना पाजत असताना तो एकालाच उपाशी ठेवेल असं सहसा होत नाही. अपवाद एक, इनटेक मॅनिफोल्डचं (कार्ब्युरेटरकडून सिलिंडरकडे मिश्रण नेणाऱ्या नळीचं) गॅस्केट एखाद्या पोर्टजवळ हवा ओढत असेल तर.

सिलिंडर ओळखायची जुनी पद्धत अजूनही उत्तम आहे. स्लो थोडा वाढवून ठेवा, रबरी मुठीच्या पकडीने एका वेळी एका प्लगची वायर काढा आणि इंजिन किती पडतं ते बघा. चांगला सिलिंडर बंद केला की इंजिन लगेच थरथरतं. जो बंद करूनही फरक पडत नाही तो आधीच काम करत नव्हता. काढलेली वायर लोंबती ठेवू नका, इंजिनच्या लोखंडाला टेकवा. करंटला बाहेर पडायची वाट मिळाली नाही तर तो कॉइल किंवा रोटर फोडून वाट काढतो, आणि पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक संच बसवला असेल तर तोही जाऊ शकतो. ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी चालू इंजिनच्या या वायरींजवळ जाऊच नये.

तुमच्या गाडीचा स्लो ठीक आहे आणि झटके लोडवर येतात, म्हणून या चाचणीत कदाचित काहीच सापडणार नाही. पण लोडवरच का, हे समजून घेतलं तर अर्धा शोध तिथेच होतो. अॅक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये जास्त हवा शिरते आणि प्लग पेटायच्या क्षणी तिथला दाब वाढलेला असतो. दाटलेल्या हवेतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. कमजोर कॉइल किंवा गळकं इन्सुलेशन स्लोवर निभावून नेतं आणि चढावर उघडं पडतं. म्हणजे ‘लोडवर दम धरत नाही’ हे ऐकायला पेट्रोल कमी पडल्यासारखं वाटलं तरी इग्निशनचंही तेच लक्षण आहे. माझ्याकडे ‘कार्ब्युरेटर खराब आहे’ म्हणून आलेल्या गाड्यांपैकी बहुतेकींचा दोष इग्निशनमध्ये निघाला, म्हणून कार्ब्युरेटरला मी सगळ्यात शेवटी हात लावतो.

आता या दोन बाजू वेगळ्या करणारी चाचणी. यासाठी टायमिंग लाइट लागते, जी वायरीतून करंट गेला की लुकलुकते. तिचा चिमटा वायरीवर नुसता अडकवायचा असतो. चिमटा कॉइलकडून कॅपच्या मधोमध येणाऱ्या जाड वायरीवर लावा. लाइटची वायर बॉनेटच्या मागच्या फटीतून बाहेर काढा, पंख्यापासून आणि पट्ट्यापासून दूर, आणि लाइट समोरच्या काचेवर आतल्या बाजूला तोंड करून चिकटपट्टीने बसवा. संध्याकाळच्या उजेडात मोकळ्या रस्त्यावर जा. चालवणाऱ्याने रस्त्याकडे बघायचं, लाइटकडे शेजारी बसलेल्याने. झटका आला त्या क्षणी लाइट चुकली, तर कॉइलपर्यंतच्या भागात दोष आहे: पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, त्यांच्या वायरी, किल्लीचा स्विच. लाइट एकसारखी लुकलुकत राहिली आणि तरी गाडी झटके मारत असेल, तर चिमटा एकेका प्लगच्या वायरीवर लावून हीच फेरी पुन्हा करा. एखादीवर लाइट गळत असेल तर रोटर, कॅप किंवा ती वायर. चारही वायरींवर लाइट अखंड राहिली तर मग पेट्रोल, हवा आणि व्हॉल्व्हकडे वळा. या लाइटची एक मर्यादा आहे. ती वायरीतून करंट गेला एवढंच सांगते. तो प्लगच्या टोकाशी उडाला की फुटलेल्या चिनीमातीवरून बाहेरूनच पळाला, हे तिला कळत नाही. ते बघायला पूर्ण अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि वायरींवर पाण्याचा अगदी हलका फवारा मारा. गळती असेल तिथे निळसर रेघा नाचताना दिसतील.

गाडीत कॉइलवरून चालणारा इलेक्ट्रिक टॅकोमीटर असेल तर त्याचा काटाही बरंच सांगतो. झटक्याबरोबर काटा एकदम खाली उडत असेल तर पॉइंटच्या बाजूचा पुरवठा तुटतो आहे. गाडी अडखळते आणि काटा शांत उतरतो, तर ते बहुधा तिथलं नाही. केबलवर फिरणाऱ्या टॅकोमीटरला हे लागू नाही.

आता डिस्ट्रिब्युटर, म्हणजे पॉइंट, रोटर आणि कॅप जिथे बसतात तो भाग. त्याला कित्येक मेकॅनिक नुसतं डेल्को म्हणतात. इथे मी सर्वात जास्त वेळ घालवतो. ३००० आरपीएमला चार सिलिंडरच्या इंजिनात पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतो आणि मिटतो. दोन ठिणग्यांमध्ये दहा मिलिसेकंद मिळतात, त्यातले जेमतेम सहा-सात पॉइंट मिटलेला असतो, आणि तेवढ्यात कॉइल भरून घ्यायची असते. गॅप बहुतेक जुन्या गाड्यांत ०.३५ ते ०.४० मिलिमीटरच्या आसपास असतो. तुमच्या गाडीच्या पुस्तकातला आकडा शेवटचा माना. पण फीलर गेजवर पूर्ण विसंबू नका. जुन्या पॉइंटच्या एका तोंडावर खळगा आणि दुसऱ्यावर टेकाड तयार झालेलं असतं. गेजची पट्टी टेकाडावर टेकते आणि खरा गॅप त्याहून जास्त राहतो. म्हणून ड्वेल मीटर वापरा, तो पॉइंट किती अंश मिटलेला राहतो ते दाखवतो. चार सिलिंडरमध्ये प्रत्येक ठिणगीच्या वाट्याला डिस्ट्रिब्युटरचे ९० अंश येतात आणि त्यातले साधारण ५० ते ६० अंश पॉइंट मिटलेला असावा लागतो. व्हॅक्यूमची नळी (इंजिनच्या ओढीने ठिणगीची वेळ पुढे करणारी) काढून स्लोवर ड्वेल बघा, मग २००० आरपीएमला बघा. फरक तीन अंशांच्या वर गेला तर शाफ्टचा बुश झिजला आहे. रोटर काढून शाफ्ट बोटाने आडवा हलवून बघा. खुळखुळ जाणवली तर कितीही नवे पॉइंट टाका, प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅप आणि वेगळं टायमिंग मिळत राहणार.

कंडेन्सर एवढासा असतो, पण पॉइंट उघडताना तिथे जाळ होऊ न देण्याचं आणि कॉइलमधलं चुंबकत्व झटक्यात कोसळवण्याचं काम तोच करतो. त्याची क्षमता साधारण ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास असते. पॉइंट निळे-काळे पडले असतील, उघडताना पिवळी मोठी ठिणगी दिसत असेल, तर संशय त्याच्यावर. थंड असताना ठीक आणि तापल्यावर गळणारा कंडेन्सर मी पुष्कळ वेळा पाहिला आहे, आणि त्यात कोरे करकरीत कंडेन्सरही होते. तुम्ही नवा टाकला म्हणून तो संशयातून सुटला असं धरू नका. जपून ठेवलेला जुना इथेच कामी येतो. तो परत बसवा आणि फेरी मारा. इतर काहीही त्याच वेळी बदलू नका.

आणि आता एक छोटी वायर, जिच्याकडे सहसा कुणी बघत नाही. डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉइंट ज्या प्लेटवर बसतो ती प्लेट व्हॅक्यूमच्या ओढीने थोडी फिरते. तिला बॉडीशी जोडणारी अर्थिंगची मऊ विणलेली वायर असते आणि पॉइंटकडे जाणारी दुसरी बारीक वायर असते. दोन्ही आयुष्यभर मागेपुढे वाकतात. आतले तार एकेक करत तुटतात, वरचं आवरण मात्र शाबूत राहतं. एका गाडीवर मी सलग तीन दिवस घालवले होते. मालकाने कार्ब्युरेटरसकट सगळं बदलून आणलं होतं, आणि मीही कॉइल बदलून पाहिली. मीटरवर ती वायर अखंड दाखवत होती. शेवटी मीटर जोडलेला ठेवून मी व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढली, प्लेट फिरली आणि मीटरचा काटा उडाला. वायर बोटभर लांबीची होती. तेव्हापासून हलणारी कुठलीही वायर मी स्थिर ठेवून तपासत नाही.

हे इतकं खुलवून सांगायचं कारण तुमची लक्षणं. स्लोवर किंवा निवांत चालीत प्लेट एका जागी असते. अॅक्सिलरेटर दाबला की व्हॅक्यूम पडतो, प्लेट झटकन परत येते आणि तुटकी वायर त्याच क्षणी साथ सोडते. तापल्यावर आवरण मऊ होतं म्हणून दोष उशिरा दिसतो. याची चाचणी सोपी आहे. व्हॅक्यूम अॅडव्हान्सची नळी डिस्ट्रिब्युटरकडून काढा, इंजिनकडचं तोंड बंद करा म्हणजे हवा ओढली जाणार नाही, आणि नेहमीच्या चढावर गाडी न्या. एवढ्या फेरीने इंजिनचं काही बिघडत नाही, पेट्रोल थोडं जास्त जाईल इतकंच. झटके गेले तर प्लेट आणि तिच्या वायरी हेच दोषी.

कॉइल गरम असतानाच मोजा. बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा करंट आटोक्यात ठेवणारा रोधक) नसलेल्या १२ व्होल्टच्या कॉइलच्या दोन लहान टोकांमध्ये साधारण ३ ओहम मिळतात, बॅलास्टवाल्या कॉइलमध्ये दीडच्या आसपास. बॅलास्टसाठी बनवलेली कॉइल थेट १२ व्होल्टवर जोडली तर ती हात लावता येणार नाही इतकी तापते, पॉइंटही जळतात, आणि वीस मिनिटांनी मिसिंग सुरू होणं अगदी या दोषाला शोभणारं आहे. कुणीतरी मधल्या काळात कॉइल बदलली असेल तर हे नक्की बघा. दुसरं, कॉइलच्या दोन वायरी उलट्या तर नाहीत ना? निगेटिव्ह अर्थच्या (बॅटरीचं ऋण टोक बॉडीला जोडलेल्या) गाडीत धन टोकाला किल्लीकडची वायर आणि ऋण टोकाला डिस्ट्रिब्युटरची वायर हवी. कित्येक जुन्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या आणि पुढे बदलून घेतल्या गेल्या, पण कॉइलच्या वायरी तशाच राहिल्या. गाडी चालते, पण प्लगच्या थंड टोकाकडून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज खर्ची पडतं आणि लोडवर तेच कमी पडतं.

किल्लीचा स्विच आणि तिथून येणाऱ्या वायरींवर संशय असेल तर बॅटरीच्या धन टोकावरून कॉइलच्या पुरवठ्याला फ्यूज घातलेली तात्पुरती वायर जोडा. बॅलास्ट असेल तर ती त्याच्या अलीकडे, म्हणजे किल्लीकडच्या टोकाला जोडा. झटके थांबले तर स्विच किंवा एखादा सैल जोड. ही वायर असेपर्यंत किल्लीने इंजिन बंद होणार नाही, म्हणून ती पटकन काढता येईल अशी ठेवा.

रोटरबद्दल एक गोष्ट. वरची पितळी पट्टी ज्या रिव्हेटने पकडलेली असते त्याचं टोक खाली शाफ्टच्या फार जवळ आलं तर करंट आतल्या आत शाफ्टला उडतो. नव्या बनावटीच्या रोटरमध्ये हा दोष मी जुन्यांपेक्षा जास्त पाहिला. कॅप काढा, कॉइलची जाड वायर लाकडी काठीला बांधून रोटरच्या पट्टीच्या वर काही मिलिमीटरवर धरा, किल्ली चालू करून पॉइंट प्लास्टिकच्या काडीने उघडा. एकही ठिणगी उडायला नको. उडाली तर रोटर फुटला आहे. कॅपच्या आत पेन्सिलीने ओढल्यासारख्या बारीक काळ्या रेघा शोधा, आणि मधला कार्बन स्प्रिंगवर मोकळा हलतो का बघा. वायरी जोडताना आणखी एक काळजी: फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-३-४-२ असेल तर तिसरा आणि चौथा शेजारी असून लागोपाठ पेटतात. त्यांच्या वायरी लांबवर एकमेकींना चिकटून गेल्या तर एकीचा करंट दुसरीत उमटतो. त्या दोन वेगळ्या करा.

पेट्रोलच्या बाजूचं मिसिंग वेगळ्या स्वभावाचं असतं. करंट तुटला की झटका धारदार येतो, दिवा मालवल्यासारखा. पेट्रोल कमी पडलं की गाडी आधी जड होते, मग धापा टाकते. झटके सुरू असताना चोक अर्धा ओढा. सुधारणा झाली तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतं आहे; बिघडलं तर आधीच जाड होतं, म्हणजे पेट्रोल जास्त होतं. कार्ब्युरेटरमधून फटकन उलटा आवाज येत असेल तर तेही बहुधा पातळपणाचं लक्षण. त्याच वेळी थांबून पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा. सुस्कारा सोडल्यासारखी हवा आत गेली आणि गाडी सुधारली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलं आहे. वीस मिनिटांनी येणाऱ्या दोषांत हा सर्वात स्वस्त. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या आतून मऊ होऊन सोलल्या जातात आणि त्यांचे कपटे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या नीडल व्हॉल्व्हमध्ये अडकतात. कार्ब्युरेटर दोनदा साफ करून पुन्हा तेच होत असेल तर घाण कुठून येते ते नळ्यांमध्ये शोधा. मॅनिफोल्डची हवेची गळती शोधायला लोक ज्वलनशील स्प्रे मारतात. तापलेल्या इंजिनवर ते करू नका. थंड इंजिन नुकतंच चालू करून जोडांवर साबणाचं पाणी टाका आणि आवाज बदलतो का ऐका.

प्लग बघायचे तर झटके येत असतानाचेच बघा. मोकळ्या रस्त्यावर लोडमध्येच क्लच दाबून इंजिन बंद करा आणि कडेला थांबा. स्टिअरिंग लॉक असलेल्या गाडीत किल्ली शेवटपर्यंत फिरवू नका. चारही बदामी असले तर मिश्रण बरोबर. एकच पेट्रोलने ओला असेल तर तिथे ठिणगी नाही. कोरडी काजळी म्हणजे जाड मिश्रण, तेलकट काळा म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड. एकच प्लग धुतल्यासारखा लखलखीत निघाला तर हेड गॅस्केटमधून पाणी येतं आहे.

आणि हे सगळं करण्याआधी खरं तर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते, मोजायला हवं होतं. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, इग्निशन बंद. चार आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त तफावत नको. एक कमी असेल तर त्यात चमचाभर तेल ओतून पुन्हा मोजा. वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन एकदम कमी असतील तर त्यांच्या मधलं गॅस्केट. टॅपेटही, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाचा गॅपही, बघा. शिशाच्या पेट्रोलसाठी बनलेल्या इंजिनांत व्हॉल्व्हच्या सीट मऊ असतात. जगात असं पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, आणि २०२१ मध्ये तिथेही ते बंद झालं. शिशाने सीटला मिळणाऱ्या संरक्षणाशिवाय सतत जोरात चालवलं की सीट हळूहळू आत खचते आणि टॅपेटचा गॅप आवाज न करता मिटतो. गरम झाल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, मग जळतो. खडखडणाऱ्या टॅपेटपेक्षा अचानक शांत झालेल्या टॅपेटची मला जास्त काळजी वाटते.

तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय प्लेटच्या वायरीवर आहे, दुसरा नव्या कंडेन्सरवर, तिसरा कॉइल आणि बॅलास्टच्या जोडीवर. त्याच क्रमाने जा. आधी व्हॅक्यूमची नळी काढून एक फेरी, मग नळी परत लावून जुन्या कंडेन्सरवर दुसरी, मग गरम कॉइलचे ओहम. तिन्हींत काही सापडलं नाही तर टायमिंग लाइट काचेवर लावून चढावर जा आणि झटक्याच्या क्षणी ती चुकली की नाही ते, कॉम्प्रेशनच्या चार आकड्यांसोबत, मला कळवा. लाइट चुकली नाही आणि आकडे सारखे निघाले, तर कार्ब्युरेटरचं बोलू.